मिनिटबाई

माझ्या भाचीला घरात सगळे "शहाणी" म्हणतात, आणि ते काही कौतुकानं म्हणत नाहीत. ती सात वर्षांची असताना मी तिला सहज विचारलं होतं, "किती वाजले गं?" तर ही घड्याळासमोर जाऊन उभी राहिली, बराच वेळ उभी राहिली, आणि मग म्हणाली, "चार वाजून बारा मिनिटं झाली होती, पण आता तेरा होतायत." तिचे वडील, म्हणजे माझे भाऊजी, घड्याळं दुरुस्त करतात. दिवसभर डोळ्याला भिंग लावून चिमट्यानं चाकं उचलणारा माणूस. त्यांच्या घरात कुणी "साधारण सव्वाचार" म्हटलं तर खोटं बोलल्यासारखं होतं. असा बाप आणि अशी लेक. माझी ताई बिचारी त्या दोघांच्या मध्ये अंदाजपंचे जगते.

मी स्वतः नर्स आहे. एका डॉक्टरांच्या दवाखान्यात मला अठ्ठावीस वर्षं झाली. दवाखाना म्हणजे दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत बाकं, आतल्या खोलीत डॉक्टर, आणि दोन्हींच्या मधल्या बोळात माझं राज्य: वजनकाटा, उंचीची पट्टी, कार्डांचं कपाट आणि एक गोल स्टूल. डॉक्टरांकडे जाणारा प्रत्येक जण आधी माझ्या हाताखालून जातो. वजन, ताप, नाडी, बीपी आणि श्वास, असे पाच आकडे मी कार्डावर लिहिते आणि त्याला आत पाठवते. शाळेला सुट्टी असली की शहाणी त्या कपाटाशी फतकल मारून बसायची आणि कोऱ्या कार्डांवर नर्स-नर्स खेळायची. ती नर्सिंगला गेली ती माझ्यामुळे, असं ताई म्हणते. चांगल्या दिवशी ते कौतुक असतं आणि वाईट दिवशी आरोप.

तिचा निकाल लागला आणि महिन्याभरात दोन नोकऱ्या दारात उभ्या राहिल्या. एक मोठ्या हॉस्पिटलात, हाडांच्या वॉर्डात, तीन महिने शिकाऊ म्हणून; काम पसंत पडलं तर कायम. दुसरी आमच्या दवाखान्यात. ही दुसरी मी जमवून आणली होती, उगाच लपवाछपवी कशाला? माझे गुडघे आता स्टुलावरून उठताना कुरकुरतात, आणि मला माझ्या जागी माझंच माणूस हवं होतं. डॉक्टर म्हणाले, "भाची असेल तर मी चौकशीही करत नाही. तीन महिने थांबतो. तिला ठरवू दे."

घरात बैठक बसली. ताईचं मत दवाखाना: घरापासून दहा मिनिटं, रविवारी सुट्टी, रात्रपाळी नाही. भाऊजींचं मत होतं की ज्या जागी घड्याळाप्रमाणे काम चालतं ती जागा चांगली, पण अशी जागा त्यांनी अजून पाहिलेली नव्हती. मी माझं मत तीनदा सांगितलं. हॉस्पिटल म्हणजे कारखाना, म्हटलं. तिथं पेशंटला नाव नसतं, पलंगाचा नंबर असतो. इथं मी माणसाला तो जन्मल्यापासून ओळखते. हॉस्पिटल म्हणजे दुरून डोंगर साजरे.

शहाणीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मावशी, तू स्वतः हॉस्पिटलात किती दिवस होतीस?"

"अडीच महिने. पाळ्या जमेनात म्हणून सोडलं." हे उत्तर मी इतक्या जणांना दिलं होतं की माझं मलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

"मग मी तीन करून बघते," ती म्हणाली, आणि बैठक संपली. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, असं मी पुटपुटले. ते तिला ऐकू जावं एवढ्या मोठ्यानं पुटपुटले.

पहिल्या दिवशी भाऊजींनी तिला एक घड्याळ दिलं. हातात बांधायचं नाही, गणवेशावर पिनेनं उलटं लटकवायचं, म्हणजे मान खाली घातली की सरळ दिसतं. सेकंदकाटा लाल. दुकानातल्या तीन बिघडलेल्या घड्याळांतून त्यांनी ते एक चालू घड्याळ उभं केलं होतं.

वॉर्ड बायकांचा, चोवीस पलंगांचा. कुणाचा पाय वजनाला टांगलेला, कुणाचा खुबा बदललेला, कुणी दोन्ही हात प्लास्टरमध्ये घालून नाक खाजवायला शेजारणीला हाक मारणारी. दिवसातून चार वेळा सगळ्यांचा ताप, नाडी, बीपी आणि श्वास घेऊन तक्त्यावर लिहायचे. आता इथं धंद्यातलं एक गुपित सांगते, कारण त्यावरच पुढचं सगळं आहे. ताप थर्मामीटर सांगतो, बीपी यंत्र सांगतं, नाडी बोटाला लागते. श्वास मात्र नुसत्या नजरेनं मोजावा लागतो. पूर्ण एक मिनिट पेशंटच्या छातीकडे बघत उभं राहायचं, आणि तेही त्याला कळू न देता. कारण आपले श्वास कुणी मोजतंय हे कळलं की माणूस ते वेगळेच घ्यायला लागतो. म्हणून मनगटावर नाडीची बोटं तशीच ठेवायची आणि नजर छातीवर. चोवीस बायका म्हणजे चोवीस मिनिटं, नुसती उभं राहण्याची. एवढा वेळ कुणाकडे असतो? निरोगी मोठं माणूस मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतं. म्हणून सगळीकडे सगळे काय लिहितात? अठरा. बसून अठरा, झोपून अठरा, रडत असली तरी अठरा.

शहाणी मोजायची. तिच्या तक्त्यावर चौदा आले, एकवीस आले, सोळा आले, तेवीस आले. पहिल्याच आठवड्यात एक तरुण डॉक्टर तो तक्ता बघून घाबरला. काल सगळा वॉर्ड अठरा होता, आज एका रात्रीत हे काय झालं? त्यानं मोठ्या सिस्टरना बोलावलं. मोठ्या सिस्टर म्हणजे अंगानं किरकोळ, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि किल्ल्या वाजल्या की चोवीस पलंगांवरची चादर आपोआप सरळ होते असा दरारा. त्यांनी दोन बायकांचे श्वास स्वतः मोजले. दोन्ही आकडे शहाणीचेच निघाले.

"बरोबर आहेत," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. मग शहाणीला बाजूला घेऊन, "पण तू दुपारपर्यंत श्वासच मोजत बसलीस तर औषधं कोण देणार? मी?"

त्या दिवशी वॉर्डात तिचं नाव "मिनिटबाई" पडलं. आधी नर्सांनी ठेवलं, मग पेशंट म्हणायला लागल्या, शेवटी जेवणाची ट्रॉली ढकलणाऱ्या मामांनीही दारातून विचारायला सुरुवात केली, "मिनिटबाईंचं झालं का? आमटी गार होतेय." ती घरी येऊन हे सांगायची आणि हसायची. पण हसणं दिवसेंदिवस बारीक होत गेलं. तिसऱ्या महिन्यात तिचे पाय सुजले, बोलणं तुटक झालं. रविवारी आमच्याकडे आली की खुर्चीत बसल्या बसल्या झोपायची. मला वाईट वाटायचं, आणि मनाच्या एका कोपऱ्यात गुदगुल्याही व्हायच्या. घोडामैदान जवळच आहे, मी म्हणायचे. येईल गुमान आपल्याकडे.

ती आली. महिना संपायला सहा दिवस उरलेले होते. दुपारी दवाखाना एक ते पाच बंद असतो. मी आत एकटी होते, कार्डं लावत होते. दारावर टकटक झाली. बघते तर ही, गणवेशातच. सकाळची ड्यूटी दोनला संपते, आता चार वाजत आलेले, आणि मधले दोन तास कुठं होतीस विचारलं तर म्हणाली, "चालत होते."

"बस. पाणी पी."

ती स्टुलावर बसली. पाणी प्यायली नाही. "मावशी, जागा आहे ना अजून?"

खरं सांगते, मला आनंद झाला. तिचा चेहरा असा उतरलेला, आणि माझ्या पोटात आनंद! मी हात पुसले, कपाटाच्या खणातून दवाखान्याची जादा किल्ली काढली आणि तिच्या मांडीवर ठेवली. "तुझीच आहे. एक तारखेपासून ये. डॉक्टरांना मी आजच सांगते." मग जरा उशिरानं मला सुचलं की कारण विचारायला हवं. "झालं काय पण?"

जे झालं ते असं. बावीस नंबरच्या पलंगावर एका शाळेतल्या चित्रकलेच्या बाई होत्या. पायाचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन होऊन सहा दिवस झाले होते. बोलक्या बाई. त्या दिवशी सकाळपासून वॉर्डात धावपळ, एक नर्स रजेवर. बाराच्या फेरीला शहाणी एकोणिसाव्या पलंगापर्यंत पोचली आणि दारात ट्रॉली येऊन थांबली. मामांनी झाकण वाजवलं. मोठ्या सिस्टर टेबलावरून म्हणाल्या, "अगं बाई, उरक!" शहाणीनं उरलेल्या पाच जणींचा ताप, नाडी, बीपी घेतलं, आणि श्वासाच्या रकान्यात खाली ओळीनं अठरा, अठरा, अठरा, अठरा, अठरा लिहून टाकलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा.

दोन वाजता दुपारची नर्स ड्यूटीवर आली. ताबा घेताना ती बावीस नंबरपाशी थांबली. बाई बोलत होत्या, पण दोन शब्दांनंतर थांबत होत्या. तिनं मोजले. बत्तीस. ऑक्सिजन बघायचं बोटावरचं यंत्र आणून लावलं तर तेही नको तितकं खाली. मग पळापळ. पायातली रक्ताची गाठ सुटून फुप्फुसात अडकली होती. बाईंना अतिदक्षता विभागात हलवलं. डॉक्टरांनी तक्ता बघितला आणि म्हणाले, "बाराला अठरा होते. म्हणजे हे दोन तासांतच झालंय." दुपारच्या नर्सला शाबासकी मिळाली. शहाणी तिथंच उभी होती. तिला कुणी काही बोललं नाही. ती बाहेर पडली आणि चालत सुटली.

"बाराला किती होते ते आता कुणालाच कधी कळणार नाही," ती म्हणाली. "ते बघणारी मी एकटीच होते, आणि मी बघितलं नाही."

"कुणाला ठाऊक आहे का हे?"

"नाही."

"बाई कशा आहेत?"

"औषध सुरू झालंय. ठीक होतील असं वाटतंय म्हणतात."

"मग झाकली मूठ सव्वा लाखाची," मी म्हणाले. "कुणी काही बोललं नाही, बाई बऱ्या होतायत. सहा दिवस गप्प काढ आणि इथं ये. इथं ट्रॉली नाही आणि किल्ल्या वाजवणारी सिस्टर नाही. दिवसाला तीस-पस्तीस माणसं, तीही चालत येणारी."

तिनं किल्ली एका मुठीत धरली. मग मी लावत असलेल्या कार्डांच्या गठ्ठ्यातून तिनं एक कार्ड उचललं. दुसरं उचललं. चार-पाच उचलली.

"मावशी," ती म्हणाली, "तू मोजतेस का?"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काय असतं, ते मला त्या क्षणी कळलं. तिच्या हातात जी कार्डं होती त्यांच्यावर माझ्या अक्षरात अठरा होते. वरपासून खालपर्यंत, वर्षानुवर्षं. आणि मला हेही आठवलं की ती सात-आठ वर्षांची असताना कोऱ्या कार्डावर खेळता खेळता तिनं विचारलं होतं, "मावशी, श्वास किती लिहू?" आणि मी मागे वळूनही न बघता म्हटलं होतं, "अठरा लिही."

मला राग आला. तिचा नाही. पण निघाला तिच्यावरच. "फार शहाणी झालीस!" मी ओरडले. "अठ्ठावीस वर्षं मी इथं उभी आहे, उगाच नाही!" मी कार्डं तिच्या हातातून हिसकावून घेतली, ती जमिनीवर सांडली, आणि वेचायला वाकले तर गुडघ्यानं दगा दिला. तशीच जमिनीवर बसले. तीही स्टुलावरून उतरून माझ्यासमोर बसली. आणि मग, ज्या गोष्टीचा मी ताईपाशी, नवऱ्यापाशी, कुणापाशीही कधी उच्चार केला नव्हता, ती मी त्या पोरीला सांगितली.

मी हॉस्पिटल पाळ्यांमुळे सोडलं नव्हतं. एका पेशंटला शेजारच्या पेशंटची गोळी दिली होती. साधीच गोळी, काही झालं नाही, आणि पुढच्या पाळीच्या नर्सनं तासाभरात पकडली. पण मी इतकी हबकले की दुसऱ्याच आठवड्यात पळ काढला. इकडे आले. इथं सगळे मला मानायचे, कारण इथं मला कुणी तपासतच नव्हतं. चौथ्या वर्षी एक बाई कडेवर दोन वर्षांचं पोर घेऊन आली. खोकला होता. दवाखाना गच्च भरलेला. माझा ठरलेला हिशेब होता: मोठ्यांना अठरा, पोरांना अठ्ठावीस. मी अठ्ठावीस लिहिलं. डॉक्टरांनी कार्ड बघितलं, पोराला तपासलं, औषध देऊन घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बाईनं पोराला हॉस्पिटलात नेलं. न्यूमोनिया, असं आमच्या कानावर आलं. अकरा दिवस ते पोर तिथं होतं. वाचलं. ती बाई पुन्हा आमच्याकडे आली नाही.

"मग?" शहाणीनं विचारलं.

"मग काय? पोरांचे मोजायला लागले. मोठ्यांचे अठरा चालूच राहिले." हे बोलताना मला स्वतःची एवढी लाज वाटली की मी तिच्याकडे बघू शकले नाही. "ऐक. तुझ्या वॉर्डात तू चुकलीस, आणि दोन तासांत दुसरीनं ते धरलं. तुझ्यामागून कुणीतरी येतं तिथं. इथं माझ्यामागून कुणी येत नाही. मी लिहिलेला आकडा घेऊन माणूस घरी जातो. हा दवाखाना लपायची जागा आहे असं मला वाटलं होतं. तशी ती आहेच, म्हणून तर अठ्ठावीस वर्षं काढली. तुला इथं यायचं असेल तर ये, मला तू हवीच आहेस. पण पळून येऊ नकोस. पळून आलेली एक इथं आधीच आहे."

ती रडायला लागली. मी पण रडले. मला लगेच रडू येत नाही, पण एकदा आलं की थांबत नाही.

"सांगितलं तर काढून टाकतील," ती म्हणाली.

"टाकतील कदाचित."

"मग मी कुठं जाऊ?"

"मग इथं ये," मी म्हणाले. "सांगून आलीस तर ही किल्ली तुझी. न सांगता आलीस तर नाही देणार." असं म्हणून मी तिच्या मुठीतली किल्ली काढून घेतली आणि परत खणात टाकली. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात अवघड काम होतं, आणि त्याला दोन सेकंद लागले.

तिच्याबरोबर मी बसनं हॉस्पिटलात गेले. वॉर्डाबाहेर एक लांब बाक होतं, भिंतीला हिरवा रंग अर्ध्यापर्यंत. मी बाकावर बसले आणि ती आत गेली. दाराच्या काचेतून मला फक्त मोठ्या सिस्टरची पाठ दिसत होती. त्या बसून होत्या, मग उठल्या, मग फोनवर बोलल्या, मग डॉक्टर आले. किल्ल्यांचा आवाज काही आला नाही, त्यामुळे माझा जीव जास्तच टांगणीला लागला. पाच वाजले, आमचा दवाखाना उघडायची वेळ झाली, आणि अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा मला त्याची फिकीर वाटली नाही.

चाळीस मिनिटांनी ती बाहेर आली. चाळीस हा तिचा आकडा, माझा अंदाज तास-दीड तासाचा होता.

"काढलं?"

"नाही." ती माझ्याशेजारी बसली. "पुस्तकात नाव लिहिलं. चूक झाली की लिहितात ते पुस्तक. कायम करणं आणखी तीन महिने पुढं ढकललं. तक्त्यावरचे माझे पाचही अठरा खोडून बाजूला 'मोजलेले नाहीत' असं लिहायला लावलं, सहीसकट. उरलेल्या चौघींचे तिथल्या तिथे मोजायला लावले. त्या ठीक आहेत. डॉक्टर मग बावीस नंबरच्या बाईंना विचारायला गेले, नेमकं केव्हापासून होतंय म्हणून. त्या म्हणाल्या, सकाळी दहापासूनच दम लागत होता, पण सगळ्या एवढ्या धावपळीत होत्या, कुणाला कशाला सांगायचं?" ती माझ्याकडे वळली. "दहापासून, मावशी. बाराला मी मोजले असते तर कळलं असतं."

मी तिला जवळ घेतलं. अशा वेळी "जाऊ दे" म्हणायचं नसतं. जाऊ द्यायची गोष्ट नव्हती ती.

"आणि तुझ्या सिस्टर? त्या काय म्हणाल्या?"

"त्यांनी सगळ्या वॉर्डाची फाइल काढली. गेल्या महिन्याची. पानं उलटत बसल्या. सगळ्या पाळ्यांचे अठरा. त्यांच्या स्वतःच्या हातचेसुद्धा." शहाणीनं डोळे पुसले. "मग म्हणाल्या, उद्यापासून ऑपरेशन झालेल्यांचे आधी मोजायचे. पूर्ण मिनिट. ट्रॉली आली तर ट्रॉली थांबेल."

चित्रकलेच्या बाई तीन दिवसांनी वॉर्डात परत आल्या. शहाणीनं पहिल्याच दिवशी त्यांच्या पलंगापाशी उभं राहून सगळं सांगून टाकलं. बाईंनी तोंड फिरवलं. त्या दिवशी बोलल्या नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाहीत. तिसऱ्या दिवशी बाराच्या फेरीला शहाणीनं त्यांच्या मनगटावर बोटं ठेवली तेव्हा म्हणाल्या, "नाडीचं सोंग कशाला करतेस? मोज की सरळ." आणि मुद्दाम श्वास रोखून धरला. शहाणीनं वाट बघितली. बाईंनाच हसू फुटलं आणि रोखलेला श्वास सुटला. मग त्या नीट पडून राहिल्या आणि तिनं मोजले. सतरा.

महिनाअखेरीला ती दवाखान्यात आली. या वेळी रस्त्यावरून दोन तास भटकून नाही, सरळ. डॉक्टरांपुढे उभी राहून म्हणाली, "मला ही जागा आवडते. पण मला अजून माझ्यामागून येणारं कुणीतरी हवंय. दोन वर्षं तरी." डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "माझ्याकडे काय बघताय? मी आहे अजून. गुडघे कुरकुरतात, बंद पडलेले नाहीत."

ती गेल्यावर मी आतल्या खोलीचं दार लोटलं आणि डॉक्टरांना त्या खोकणाऱ्या पोराचं सांगितलं. चोवीस वर्षांपूर्वीचं अठ्ठावीस. डॉक्टरांनी चष्मा काढला आणि टेबलावर ठेवला. आता जन्मभराचं ऐकायला लागणार अशा तयारीनं मी उभी होते.

"मला इतकी वर्षं वाटत होतं," ते म्हणाले, "की त्या दिवशी तपासताना मीच कुठंतरी चुकलो."

म्हणजे मी तोंड मिटून ठेवलं, आणि ओझं मात्र दोघांनी वाहिलं. मी माफी मागितली. ते म्हणाले, "घाई तर मलाही होती त्या दिवशी." आणि चष्मा लावून त्यांनी पुढच्या पेशंटला पाठवायला सांगितलं.

पुढचा पेशंट म्हणजे आमचे पोस्टमन आजोबा. निवृत्त. दर आठवड्याला बीपी तपासायला येतात आणि तेवढ्यात गावभराच्या बातम्या वाटून जातात. मी त्यांचं कार्ड काढलं: चार कार्डं एकाला एक टाचलेली, आणि श्वासाच्या रकान्यात माझ्या अक्षरात अठराच अठरा. वजन घेतलं, ताप घेतला, बीपी घेतलं. मग मनगटावर बोटं ठेवली, नाडी मोजली, आणि बोटं तिथंच राहू दिली. डोळे त्यांच्या सदऱ्याच्या दुसऱ्या बटणावर. समोर भिंतीवर भाऊजींनी दुरुस्त केलेलं घड्याळ.

"आज फार वेळ नाडी बघताय," आजोबा म्हणाले. "काही बिघडलंय का?"

"बोलू नका. आकडा चुकतो."

ते गप्प बसले. बटण वर गेलं, खाली आलं. एक मिनिट एवढं मोठं असतं हे मला माहीत नव्हतं. बाहेर कुणीतरी खोकलं, बाकावरची दोन माणसं "चला की लवकर" म्हणाली, आणि मी जागची हलले नाही. काटा फिरून बारावर आला.

अठरा.

मी पुन्हा एकदा, पूर्ण मिनिट मोजले. अठराच. मग पेन उचललं आणि तोच जुना आकडा पहिल्यांदाच खरा म्हणून लिहिला.